‘मग आता कुणाला सांगायचं?’ : मत म्हणजे नेमकं काय, सोप्या भाषेत

पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबतं. दरवर्षी तुंबतं. पूर्वी असं झालं की शेजारच्या काकू सकाळी साडेसातला नगरसेवकाच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. तो दात घासतच बाहेर यायचा आणि म्हणायचा, “काकू, दहापर्यंत गाडी पाठवतो.” गाडी कधी दहाला यायची, कधी दुसऱ्या दिवशी. पण यायची. काकूंच्या घरात सहा मतं आहेत आणि गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

महापालिकेची मुदत संपल्यानंतरच्या पावसाळ्यात काकू तशाच गेल्या. तो म्हणाला, “काकू, मी आता माजी. माझा फोन कोण उचलतंय?” मग त्या क्षेत्रीय कार्यालयात गेल्या. तिथे सांगितलं, तक्रार ऑनलाइन करा. मी माझ्या मोबाइलवरून करून दिली. क्रमांक आला, चौथ्या दिवशी ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेजही आला. चेंबर होतं तसंच होतं. मेसेज वाचून दाखवल्यावर काकूंनी विचारलं, “मग आता कुणाला सांगायचं?”

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. मत, निवडणूक, लोकप्रतिनिधी हे शब्द आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पाठ करतो, पण त्यांचा खरा अर्थ काकूंच्या या एका प्रश्नात आहे. १५ जानेवारी २०२६ ला महाराष्ट्रातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. त्याआधी मुंबईनं महापालिकेसाठी मत दिलं होतं ते फेब्रुवारी २०१७ मध्ये. छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबईनं तर एप्रिल २०१५ मध्ये. मुंबईत २०१७ च्या मार्चमध्ये अठरा वर्षांचा झालेला मुलगा सत्तावीस वर्षांचा व्हायला आला, तोवर त्याला आपल्या शहराचा कारभारी निवडण्याची संधीच मिळाली नाही. एखादी गोष्ट किती गरजेची आहे हे ती नसताना कळतं, म्हणून निवडणुका नसलेल्या या वर्षांपासूनच सुरुवात करू.

प्रतिनिधी का लागतो?

गावात ग्रामसभा असते. प्रत्येक मतदार तिचा सभासद. विहीर कुठे खणायची यावर तिथे माणूस स्वतः उठून बोलू शकतो. पण चाळीस लाखांच्या शहरात सगळ्यांना एका मैदानात बसवून पाणीपट्टी ठरवता येत नाही. म्हणून आपण काही माणसं निवडतो आणि आपल्या वतीनं निर्णय घ्यायचा अधिकार त्यांना देतो. याला प्रातिनिधिक लोकशाही म्हणतात.

ज्यांचं आयुष्य हाउसिंग सोसायटीत गेलं आहे त्यांना हे लगेच समजेल. सोसायटी सगळ्या सभासदांची. पण रोज उठून पंप चालू करायचा का, लिफ्टवाल्याचं बिल द्यायचं का, यावर साठ घरांची सभा भरत नाही. कमिटी निवडली जाते. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार. त्यांनी मेंटेनन्स वाढवला की वार्षिक सभेत त्यांना उभं करून हिशेब विचारता येतो आणि पटलं नाही तर पुढच्या वेळी दुसरी कमिटी आणता येते. कमिटीच अस्तित्वात राहिली नाही, निवडणूकच झाली नाही, तर उपनिबंधक सोसायटीवर प्रशासक नेमतात. प्रशासक आला तरी पंप चालतो, वीजबिल भरलं जातं. पण तो सभासदांनी नेमलेला नसतो आणि त्याला काढणंही सभासदांच्या हातात नसतं. आपल्या महापालिकांचं तीन, चार, काही ठिकाणी पाच वर्षांहून जास्त काळ हेच झालं.

मुदत संपते, हीच खरी ताकद

मत म्हणजे आपण लिहून दिलेलं मुखत्यारपत्र समजा. मी तुम्हाला माझ्या जागेचे व्यवहार बघायला मुखत्यारपत्र दिलं, तर त्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ कोणती? मुदतीची. पाच वर्षांनी कागद आपोआप रद्द होतो आणि तुम्हाला पुन्हा माझ्या दारात यावं लागतं. निवडणुकीत आपण चांगला माणूस निवडू किंवा चुकीचा निवडू. पण तो कायमचा नाही, हे आधीच लिहिलेलं असतं.

आपल्या संविधानानं हे फार काटेकोरपणे लिहिलं आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं, जी १९९३ पासून लागू झाली, नगरपालिका आणि महापालिकांची मुदत पाच वर्षं ठरवली, त्याहून जास्त नाही. मुदत संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झालेली असली पाहिजे, हेही त्याच कलमात म्हटलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात हे आणखी स्पष्ट केलं.

मुदतीशी खेळलं की काय होतं ते देशानं एकदा पाहिलेलं आहे. १९७१ ला निवडून आलेल्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ ला संपायची होती. आणीबाणीत ती एकेक वर्षानं दोनदा वाढवली गेली. अखेर मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली, तेव्हा काँग्रेसची केंद्रातली सत्ता गेली आणि खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीतून हरल्या. पुढे जनता पक्षाचं सरकार टिकलं नाही आणि १९८० मध्ये त्याच मतदारांनी इंदिराजींना परत आणलं. दोन्ही वेळा सत्ता बदलली ती मतपेटीतून, एकही गोळी न झाडता. जगातल्या कितीतरी देशांना हे आजही जमलेलं नाही.

मग आपल्या निवडणुका थांबल्या कशामुळे?

सुरुवात कोरोनापासून झाली. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई यांची मुदत २०२० च्या उन्हाळ्यात संपली, तेव्हा सगळं बंद होतं. ते समजण्यासारखं होतं.

मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा ओबीसी आरक्षणाबद्दलचा निकाल आला. न्यायालयानं तीन अटी घातल्या, त्यांनाच बातम्यांत ‘ट्रिपल टेस्ट’ म्हणत होते. मागासलेपण तपासायला स्वतंत्र आयोग नेमा, प्रत्येक स्थानिक संस्थेपुरती माहिती गोळा करून आरक्षणाचं प्रमाण ठरवा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. त्यासाठी बांठिया आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला. मधल्या काळात सरकार बदललं. आधीच्या सरकारनं मुंबईतल्या जागा २२७ वरून २३६ केल्या होत्या, नव्या सरकारनं त्या पुन्हा २२७ केल्या. त्यावर याचिका झाल्या, ‘जैसे थे’ आदेश आला, तारखांवर तारखा पडत राहिल्या. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या असं सांगितलं, पुढे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख दिली, तेव्हा कुठे यंत्रणा हलली.

आरक्षणाचा प्रश्न खोटा नव्हता. ज्या समाजांना पिढ्यान्पिढ्या सभागृहाच्या पायरीवरही उभं केलं गेलं नाही, त्यांना आत जागा मिळालीच पाहिजे. पण माझं मत स्पष्ट सांगतो. प्रश्न न्यायालयात आहे म्हणून निवडणूकच थांबवायची, हा मार्ग चुकीचा होता. ज्या ओबीसींच्या जागांसाठी वाद चालला होता, त्यांचेही नगरसेवक त्या काळात नव्हते. दलित, आदिवासी नगरसेवक नव्हते. निम्म्या जागा ज्यांच्यासाठी राखीव आहेत त्या महिलाही नव्हत्या. सगळ्यांच्याच खुर्च्या रिकाम्या होत्या.

“पण प्रशासकानं काम चांगलं केलं की!”

हा आक्षेप मी खूप ऐकला आहे, शिकलेल्या माणसांकडून जास्त. आयएएस अधिकारी हुशार असतो, त्याला टक्केवारीची गरज नसते, नगरसेवकांची कटकट नाही, रस्ते पटापट होतात. यात काही अंशी तथ्यही आहे. काही अधिकाऱ्यांनी खरोखर मनापासून काम केलं.

पण महापालिकेत पैसा कसा खर्च होतो ते बघा. आयुक्त अर्थसंकल्प तयार करतात आणि स्थायी समितीसमोर ठेवतात. स्थायी समिती म्हणजे निवडक नगरसेवकांचा गट, तिजोरीची चावी त्यांच्याकडे. मोठी कंत्राटं त्यांच्या मंजुरीशिवाय पुढे जात नाहीत. तिथून अर्थसंकल्प सर्वसाधारण सभेत जातो. तिथे सगळे नगरसेवक आपापल्या प्रभागाचं रडगाणं गातात, भांडतात, कधी कागद फाडतात. वेळ जातो, हे खरं. पण या तीन पायऱ्यांवर तीन वेगवेगळी माणसं असतात. एकानं मागायचं, दुसऱ्यानं तपासायचं, तिसऱ्यानं मंजूर करायचं.

प्रशासकाच्या काळात या तिन्ही पायऱ्यांवर एकच माणूस उभा असतो. मुंबईत अतिरिक्त आयुक्तांनी अर्थसंकल्प आयुक्तांना सादर केला, कारण आयुक्तच प्रशासक होते. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. अख्ख्या गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून अधिक. एवढा पैसा, आणि “माझ्या वॉर्डातल्या शाळेचं छत गळतंय, त्याचं काय?” असं सभागृहात उभं राहून विचारणारा एकही निवडून आलेला माणूस नाही.

सोसायटीत खजिनदारानंच बिल लिहायचं, त्यानंच पास करायचं, त्यानंच ऑडिट करायचं, असं कुणी सुचवलं तर आपण तो कितीही सज्जन असला तरी मान्य करणार नाही. आपला त्या माणसावर राग नसतो. असा कारभार चालू नये, एवढंच आपल्याला कळतं.

आणखी एक. प्रशासकाची बदली मुंबईतून, मंत्रालयातून होते. त्याचं पुढचं पद, त्याचा गोपनीय अहवाल तिथे ठरतो. मग साहजिकच त्याचं लक्ष मंत्रालयाकडे असणार. काकूंच्या चेंबरकडे त्यानं बघावं अशी इच्छा आपण करू शकतो, सक्ती करू शकत नाही. नगरसेवकावर ती सक्ती आहे, कारण त्याची नेमणूक काकूंच्या बोटावर आहे.

“माझ्या एका मतानं काय फरक पडतोय?”

याची ठरावीक उत्तरं तुम्ही ऐकली असतील आणि तीही खरी आहेत. २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ मतं पडली आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६. फरक ४८ मतांचा. अंधेरी-गोरेगावातल्या एका मध्यम इमारतीत याहून जास्त मतदार राहतात. त्या मतदारसंघात सात लाखांहून अधिक मतदार त्या दिवशी मतदानाला गेलेच नव्हते. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८ मतांनी. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मतानं हरले, तेव्हा ते प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष होते. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं.

पण मी प्रामाणिकपणे सांगतो, बहुतेक निकाल असे लागत नाहीत. वीस हजार, पन्नास हजारांचा फरक असतो आणि तुमचं एक मत काढून घेतलं तरी विजेता तोच राहतो. मग मत द्यायचं कशाला?

याचं उत्तर मला एका जुन्या कार्यकर्त्यानं दिलं. निकालानंतर तो टेबलावर कागद पसरून बसला होता. आपण ज्या शाळेच्या खोलीत जाऊन मत देतो, त्या प्रत्येक खोलीचा निकाल वेगळा लिहिलेला असतो. लोकसभा-विधानसभेचे हे केंद्रनिहाय तक्ते जाहीर होतात, कुणीही बघू शकतं. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार, म्हणजे दोन-चार गल्ल्या किंवा एखादी मोठी सोसायटी. तो बोट ठेवून सांगत होता, “ही झोपडपट्टी बघा, पंच्याहत्तर टक्के. इथे कुणीही आला तरी आधी नळ देणार. आणि हे बंगले बघा, पस्तीस टक्के. इथले लोक पेपरात पत्र लिहितात, मत देत नाहीत. यांच्याकडे जायला वेळ कुणाला आहे?”

मतदान गुप्त असतं. तुम्ही कुणाला मत दिलंत हे कुणालाच कळत नाही. पण तुमच्या गल्लीनं मत दिलं की नाही, हे सगळ्यांना कळतं. २०२४ च्या विधानसभेला कोल्हापूरजवळच्या करवीरमध्ये ८५ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि मुंबईतल्या कुलाब्यात ४४ टक्क्यांच्या आसपास. उमेदवार कुठे जास्त घाम गाळेल, कुणाला घाबरेल, हे सांगायला राजकारण कळायची गरज नाही. तुमच्या मतानं निकाल बदलला नाही तरी तुमच्या गल्लीचं वजन बदलतं.

“सगळे सारखेच. द्यायचं कुणाला?”

चिडून म्हटलेलं हे वाक्य मी समजू शकतो. आज या पक्षात, उद्या त्या पक्षात, ज्याच्या विरोधात मत दिलं तोच शेजारी बसलेला. मतदारानं विश्वास ठेवावा तरी कशावर?

अशांसाठी २०१३ पासून यंत्रावर शेवटचं बटण आहे, ‘वरीलपैकी कोणीही नाही’, म्हणजे नोटा. पण ते काय करतं आणि काय करत नाही, हे माहीत हवं. लोकसभा-विधानसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मतं तोच निवडून येतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, निकालावर परिणाम शून्य. २०२४ मध्ये इंदूरमध्ये नोटाला दोन लाखांहून जास्त मतं पडली, तिथेही तेच. स्थानिक निवडणुकांसाठी मात्र महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला. नोटा पहिल्या क्रमांकावर आला तर त्या जागेसाठी फेरनिवडणूक. हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

तरीही माझं म्हणणं असं, की नोटापर्यंत जायच्या आधी उमेदवारांची शपथपत्रं उघडून बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि आपल्यावरचे गुन्हे लिहून द्यावे लागतात. दहा मिनिटांचं वाचन आहे. घरी कामाला बाई ठेवताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, मग इथे का नाही? वाचल्यावर बहुतेक वेळा दिसतं की सगळे सारखे नाहीत. एखादा निदान कमी वाईट असतो, आणि कमी वाईट माणूस पाच वर्षांत आपलं कमी नुकसान करतो.

“दोन हजार मिळतात, का सोडायचे?”

यावर मी कुणा गरिबाला उपदेश करणार नाही. ज्याच्या घरी रोजची चूल रोजच्या कमाईवर पेटते, त्याच्यापुढे पाकीट धरणारा जास्त दोषी आहे. पण हिशेब करून बघा. पाच वर्षांचे दिवस १,८२६. दोन हजाराला भागलं तर दिवसाला एक रुपया दहा पैसे. तेवढ्यात आपण पाणी, रस्ता, दवाखाना आणि तक्रार करायचा हक्क विकतो. ज्यानं रोख पैसे मोजून मत घेतलं त्याच्या मते व्यवहार तिथेच मिटलेला असतो. उद्या त्याच्याकडे गेलं तर तो म्हणू शकतो, तुमचं देणं मी आधीच दिलंय.

कायद्यानं मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार ठरतात. आणि कुणी दमदाटी करत असेल, ‘कुणाला दिलंस ते आम्हाला कळतं’ म्हणत असेल, तर ते खोटं आहे. यंत्रात तुमचं नाव नसतं. केंद्रावरच्या नोंदवहीत तुमची सही असते, पण तुम्ही कोणतं बटण दाबलं याची नोंद तिथे नसते.

“बिनविरोध करून टाका, खर्च वाचतो”

गावाकडे हे फार गोड वाक्य आहे. भांडणं नकोत, भावकीत फूट नको. कधी ते खरंच एकोप्यातून आलेलं असतं. पण २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाल्याचं समोर आलं. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती. पैसा मंदिरासाठी, गावाच्या भल्यासाठी, असं सांगितलं गेलं. राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली, आणि योग्यच केलं. बोली लावायची ऐपत नसलेल्या भूमिहीन बाईनं सरपंच व्हायचं ठरवलं असतं तर तिनं कुठे जायचं होतं? मतदानाच्या रांगेत तिचं मत आणि दोन कोटीवाल्याचं मत सारखंच असतं. लिलावात ते सारखं नसतं.

यंत्रावर विश्वास ठेवायचा का?

हा प्रश्न विचारणं गैर नाही, आणि विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणणं तर मुळीच योग्य नाही. मतदान सुरू व्हायच्या आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्राची चाचणी घेतात. लोकसभा-विधानसभेला बटण दाबलं की काचेआड चिठ्ठी दिसते आणि प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडून बघतात. संध्याकाळी एकूण किती मतं पडली याचा सही केलेला कागद प्रतिनिधींना मिळतो. आताच्या महापालिका निवडणुकांत मात्र ती चिठ्ठीची सोय नव्हती. मला ही उणीव वाटते आणि ती पुढच्या वेळेपर्यंत भरून निघायला हवी. पण उणीव दाखवायची तर बूथवर आपला माणूस दिवसभर बसला पाहिजे. घरी राहिलेल्या माणसाला ती दिसणारच नाही.

सर्वांत आधी यादीत नाव

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे, यादीतलं नाव. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात इंग्रज राजवटीत मत होतं ते जमीन, कर आणि शिक्षण असणाऱ्यांनाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१९ पासून, मत कुणाला द्यायचं हे ठरवायला इंग्रजांनी नेमलेल्या साउथबरो समितीपुढच्या साक्षीपासून, मताधिकारासाठी झगडत होते. संविधानानं एका फटक्यात प्रत्येक प्रौढाला मत दिलं. श्रीमंत-गरीब, सवर्ण-दलित, बाई-पुरुष, कुणाच्याही मताची किंमत कमी-जास्त नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना प्रत्यक्षात हे मिळायला १९६५ साल उजाडलं, स्वित्झर्लंडच्या बायकांना १९७१.

पण १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या यादीतून सुमारे २८ लाख बायकांची नावं वगळावी लागली. त्या ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच सांगत होत्या, स्वतःचं नाव परक्या माणसाला सांगत नव्हत्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठामपणे सांगितलं, नावाशिवाय नोंद नाही. तेव्हा कठोर वाटलं असेल. पुढच्या निवडणुकांना त्याच बायका स्वतःच्या नावानं रांगेत उभ्या राहिल्या.

आजची अडचण वेगळी आहे. घर बदललं, नाव जुन्या वॉर्डात राहिलं. लग्न झालं, नाव माहेरी. मतदार ओळखपत्र खिशात आहे म्हणजे नाव यादीत आहे, असं नसतं. ते दरवेळी तपासावं लागतं. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदल किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८, ऑनलाइन किंवा आपल्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे. स्थानिक निवडणुकांना विधानसभेचीच यादी वॉर्डांत विभागून वापरतात आणि ती एका ठरावीक तारखेला गोठवली जाते. या वेळी ती तारीख १ जुलै २०२५ होती. त्यामुळे मतदानाच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग होत नाही. आणि केंद्रावर गेल्यावर कळलं की आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय, तर भांडून परत येऊ नका. ओळख पटवून प्रदत्त मत मागा. कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात ठेवतात आणि प्रकरण न्यायालयात गेलं तर ती पुरावा असते.

चार नगरसेवक, एक चेंबर

मुंबईत एका वॉर्डाचा एक नगरसेवक असतो. आमच्यासारख्या शहरांत बहुतेक प्रभाग चार जणांचे आहेत. पुण्यात ४१ प्रभाग, त्यांतला एक पाच जणांचा, आणि एकूण १६५ नगरसेवक. मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेळा बटण दाबावं लागतं. काकू आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, तेव्हा मला काळजी वाटली. बाहेर येऊन म्हणाल्या, “चौघांची चार वेळा वाचली. घाई कशाला?”

मला या पद्धतीबद्दल शंका आहे. चौघांची जबाबदारी म्हणजे एकाचीही नाही, असं होऊ शकतं. हा म्हणेल त्याला विचारा, तो म्हणेल तिला विचारा. एका प्रभागाला एकच नगरसेवक असावा, म्हणजे बोट कुणाकडे दाखवायचं हे स्पष्ट राहील, असं मला वाटतं. त्यासाठी कायदा बदलावा लागेल आणि तो विधानसभेत बदलतो, म्हणजे पुन्हा मतावरच येऊन थांबतो.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी चौघांचे नंबर मागून घेतले आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जून महिन्याच्या पानावर लिहून ठेवले. “आत्ताच का नाही लावत?” मी विचारलं. “लावला ना,” त्या म्हणाल्या. “तिघांना लागला. चौथीचा बंद आहे, संध्याकाळी घरी जाऊन येते. पाऊस यायच्या आत चेंबर उपसून घ्यायचंय.”